बाय गो म्हणजे जा नव्हे

निर्मळ,
रविवार

प्रिय स्वप्नाली,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. म्हणून आज चर्चमधून, मिस्सा आटपून आल्यावर मम्मीच्या कपाटातून रेघांचे कागद काढले आणि वाडीत टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले. मराठीत एवढं लांब लिहायची सवय मोडलीय. जहाजावर आपण दिवसभर इंग्रजीत कामं करायचो आणि जेवताना मराठीत एकमेकींची उणीदुणी काढायचो. लिहायची वेळच आली नाही. संध्याकाळी हितेश इकडे येणार आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि मम्मीने केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची दोन पुडकी देतेय. सुकेळी तुमच्या घरापर्यंत पोचतील की नाही याची मला खात्री नाही, तुझा भाऊ वाटेत खाईल. पत्र मात्र तो खाणार नाही, त्यामुळे ते वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही.

मी घरी येऊन पंधरवडा होत आला. आपलं जहाज 'अल्बा' गोदीत आहे, तळ खरवडून रंगवायचं काम चाललंय. इथे भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो की तू नक्की करतेस काय. कार्गो शिप सगळ्यांना समजते, क्रूझ समजते, तेलाचं जहाज समजतं. मग मी सांगते की उत्तरेच्या थंड पाण्यात अजून काही जहाजं देवमाशांची शिकार करतात, आणि त्यांनी नेम धरला की आमचं जहाज मध्ये रबरी होडी घालतं. आणि हे सगळं एक टीव्ही कंपनी चित्रित करते, त्यांच्या पैशावर आमचं डिझेल चालतं. एवढं ऐकून रिटा मावशी म्हणाली, "म्हणजे मासे पकडायचे नाहीत, आणि पकडणाऱ्यांना पकडू द्यायचे नाहीत. मग पगार कसला?" मी म्हटलं, मावशी, पगारही फारसा नाही. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

मागच्या आठवड्यात ग्रेग येऊन गेला. हो, आपला दिग्दर्शक ग्रेग, सोबत कॅमेरावाला आणि आवाजवाली मुलगी. नव्या पर्वासाठी त्यांना 'कप्तानाचं घर' हवं होतं. गाडीतून उतरल्यावर त्याने इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे केळी, पपई, चाफा आणि मम्मीचं वाळत घातलेलं धुणं. त्याचा चेहरा पडला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही कोळी नाही का? मी म्हटलं, आम्ही शेतकरी, मासे आम्ही बाजारातून आणतो आणि भावावरून भांडतोही. मग त्याने पप्पांना विचारलं की घरात एखादं जाळं असेल का. पप्पा म्हणाले, "आहे की!" आणि मागून पपयांवर टाकायचं, पाखरांसाठीचं निळं नायलॉनचं जाळं घेऊन आले. मग ते गुडघ्यावर घेऊन गंभीर चेहऱ्याने बसले, आणि ग्रेगने ते खरोखर चित्रित केलं. म्हणजे नव्या पर्वात माझे पप्पा भर वाडीत जाळं विणताना दिसतील. मम्मी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. म्हणाली, "चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय ठेवली नाही."

पण खरं सांगायचं तर चर्चमध्ये तोंड दाखवणं त्याआधीच अवघड झालं होतं, आणि त्याचं कारण तू. मिस्सा संपली की आवारातली पोरं मला बघतात, एक जण हात हलवून "बाय!" म्हणतो आणि दुसरा फाटकाकडे बोट दाखवून "गो!" म्हणतो. मग सगळी खदखदतात. फादरनी दटावलं, पण दटावताना त्यांनाही हसू आवरत नव्हतं. मालिकेचा तो भाग लागला त्याच दिवशी अख्ख्या वसईला कळलं की काय झालंय. तुझ्या बाजूच्या गावांत तर लहान पोरालाही कळेल. 'बाय गो', म्हणजे आपलं 'अगं बाई', हे दोन शब्द ज्याने ऐकले, ज्याच्या आईने, मावशीने, आत्याने दिवसातून दहादा काळजीने, नवलाने, लाडाने म्हटले, त्याला त्यात 'बाय' म्हणजे निरोप आणि 'गो' म्हणजे चालती हो, असं ऐकू येईलच कसं? पण मालिकेची खालची अक्षरं लिहिणारा माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात कानाला यंत्र लावून बसला होता. त्याला दोन इंग्रजी शब्द सापडले आणि त्याने आनंदाने लिहून टाकले. 'बाय. गो.' मधला पूर्णविराम त्याचा स्वतःचा.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही, म्हणून मी माझ्या बाजूने सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. कॅप्टन हेन्रिक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मोसम अर्धा असताना उतरले आणि जहाज माझ्याकडे आलं. तू सेकंड ऑफिसरची चीफ ऑफिसर झालीस. ब्रिजवर, सुकाणूपाशी, इंग्रजीच बोलायचं हा हेन्रिकचा नियम आपण चालू ठेवला. मी कधीमधी विसरायचे, तू कधीच नाही. मला 'कॅप्टन' म्हणताना तुझ्या ओठांचा कोपरा हलायचा, तो फक्त मला दिसायचा. बाकी तुझ्यासारखी चोख वागणारी चीफ ऑफिसर त्या ग्रेगने तरी कुठे पाहिली असेल? तो कुरकुर करायचा की ही मुलगी कॅमेऱ्यासमोर काहीच करत नाही, नुसतं काम करते.

त्या दिवशी शिकारी जहाज समोर होतं, देवमासा पुढे होता, आणि इनेस आणि टोबी रबरी होडी घेऊन दोघांच्या मध्ये होते. सगळं जसं व्हायला हवं तसं चाललं होतं. कॅमेरा माझ्या खांद्यामागे होता. पश्चिमेला धुक्याची भिंत दिसत होती, पण मला ती लांब वाटली. होडी आणखी थोडा वेळ तिथे टिकली तर शिकाऱ्यांचा नेम चुकतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू रडारवर होतीस. तू मला आधी इंग्रजीत सांगितलंस, धुक्याचा वेग वाढलाय. मी मान हलवली. तू पुन्हा सांगितलंस, होडीचा ठिपका लाटांत हरवतोय. मी म्हटलं, नोटेड. मग तू रडारवरून मान वर केलीस, माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "बाय गो, पोरांना आन परत."

तुझा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. आणि मी तुला खरं सांगते, त्या क्षणी तुझं म्हणणं मला पटलेलं नव्हतं. पण तीन मोसमांत तू ब्रिजवर घरचा शब्द एकदाही काढला नव्हतास. तो निघाला, तेव्हा मला समजलं की इंग्रजीत सांगण्यासारखं होतं ते सगळं तू सांगून संपवलंयस, आणि आता तू मला घाबरून सांगतेयस. तू उगाच घाबरणाऱ्यातली नाहीस. मी रेडिओ उचलला आणि दोघांना परत बोलावलं. तू लगेच वळलीस आणि शिडी सोडायला खाली धावलीस. दार वाऱ्याने आपटलं. बस, एवढंच घडलं.

आणि टीव्हीवर काय दिसलं? तुझा चेहरा, खाली 'बाय. गो.', धाडकन आपटलेलं दार, एकटी उभी असलेली मी, आणि मागून ढोल. नव्या कप्तानाला तिच्याच मैत्रिणीने भर समुद्रात चालती हो म्हटलं, आणि कप्तान खचली, आणि देवमासा गमावला. लोकांनी ते तुकडे एकमेकांना पाठवले, कुणी त्यावर टीशर्ट काढले. मोसम संपल्यावर तू बंदरात उतरली होतीस आणि मी तेव्हा अल्बाला गोदीकडे नेत होते, मधल्या समुद्रात नेट नव्हतं. किनाऱ्याला लागले तेव्हा कळलं की संस्थेच्या ऑफिसने तुला खुलासा मागितला, तू एक ओळही लिहिली नाहीस आणि राजीनामा देऊन विमानात बसलीस. मला निरोपसुद्धा ठेवला नाहीस. कामणच्या गोदामात पार्सलांवर देखरेख करायची नोकरी धरलीस, हे मला हितेशकडून कळलं.

त्यांनी जे दाखवलं नाही ते मी विसरू शकत नाही. होडी वर घेतली आणि धुकं आलं, आणि मग त्या धुक्यातून हार्पून सुटल्याचा आवाज आला. इनेस डेकवर बसून रडत होती. टोबी जिना चढून ब्रिजवर आला आणि त्याने मला विचारलं, का बोलावलंस? तू माझ्या शेजारीच उभी होतीस, ओली चिंब. मी म्हटलं, माझा हुकूम होता. आपण परत बोलावलं नसतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. दोघं धुक्यात हरवली असती. किंवा दोघं सुखरूप आली असती आणि तो देवमासाही आज कुठे तरी पोहत असता. ग्रेग मला अजून म्हणतो की थोडं थांबायला हवं होतंस. असेलही. पण जहाज चालवणाऱ्याला दोन्ही गोष्टी करून बघता येत नाहीत. एकच करता येते आणि मग ती आपली म्हणावी लागते. मी ती माझी म्हणतेय, आणि यापुढेही माझीच म्हणणार आहे.

ग्रेग निर्मळला आला तो खरं तर याच्यासाठीच. निर्मळहून समुद्र दिसत नाही म्हणून तो मला कळंबच्या किनाऱ्यावर घेऊन गेला, पाठीमागे सुरूची झाडं येतील असं उभं केलं आणि म्हणाला, फक्त एक वाक्य बोल. त्या दिवशी माझ्या चीफ ऑफिसरने मला एकटं सोडलं. एवढंच. मग पुढच्या पर्वात मी म्हणे एकटी लढणारी कप्तान. मी म्हटलं, तिने मला सोडलं नाही, ती शिडी सोडायला गेली. मग मी त्याला 'बाय गो'चा अर्थ सांगितला. त्याला आधी खरं वाटेना. मग बिचारा बुटाने वाळू उकरायला लागला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, याला लाज वाटली. पण दुसऱ्याच क्षणी तो उजळला. म्हणाला, हे तर त्याहून भारी! आपण त्या गोदामाच्या गेटवर कॅमेरा लावू, ती बाहेर येईल, तू समोर उभी, दोघी रडा. अर्थ खाली अक्षरांत नीट लिहू. मी त्याला म्हटलं, ग्रेग, माझ्या पप्पांचं जाळं घेऊन जा आणि जे सापडेल ते पकड, ती सापडणार नाही.

त्यानंतर मी तुमच्या गावी गेले. पप्पांची स्कूटर घेऊन, कामणच्या पुढे, खाडीकडे. तू कामावर होतीस हे मला माहीत होतं, मुद्दामच तेव्हा गेले. तुझे बाबा, काळूराम काका, ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "टीव्हीत येवून पन बारीकच राह्यली गो तू. पयलं पानी घे." तुझ्या आईने भाकरी आणि सुकटीची चटणी समोर ठेवली, खाल्ल्याशिवाय कुणी विषय काढेना. मग काकाच म्हणाले, "आमच्या पोरीने तुला जा बोलली का?" मी म्हटलं, नाही काका. ते म्हणाले, "मंग ती का परत आली?" मी म्हटलं, तेच विचारायला आलेय. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ती आम्हाला बोलली, बाबा, मी तिथं नसले का शर्लीला जहाज भेटंल. माज्यामुलं तिचं नाव खराब नको. आता तूच सांग, हिला हा मोठेपना कोनी सांगितला?"

स्वप्नाली, तिथून परत येताना मी एवढी चिडले होते की स्कूटर दोनदा बंद पडली. मला वाटत होतं तू दुखावली आहेस, माझ्यावर रागावली आहेस. मी माफीची वाक्यं जुळवत होते. आणि तू काय केलंस? तू मला न विचारता, माझ्या जहाजाचा निर्णय माझ्या वतीने घेऊन टाकलास. ही चीफ ऑफिसरची पद्धत नव्हे. ब्रिजवर तू असं कधी केलं नाहीस. तिथे तुला जे वाटलं ते तू माझ्या तोंडावर सांगितलंस आणि निर्णय माझ्यावर सोडलास, मग तो पाळायला माझ्याआधी धावलीस. माझं नाव त्या दिवशी तुझ्यामुळे खराब झालं नाही. पण आता तुझ्या गप्प बसण्याने ते होतंय. तू बोलत नाहीस तोवर जग म्हणणार की तसंच घडलं असणार.

शुक्रवारी ऑफिसातल्या बाईंशी बोलणं झालं. हेन्रिकचा डोळा पूर्ण सुधारला नाही, ते आता येणार नाहीत. अल्बासाठी कायमचा कप्तान हवा आणि त्यांनी मला विचारलं. बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या की प्रेक्षकांना मी हवी आहे, तू नको आहेस, आणि तू स्वतःच गेली आहेस तर मी तो विषय उकरू नये. मी त्यांना विचारलं की कुठल्याही जहाजावर कप्तान आपला चीफ ऑफिसर स्वतः निवडतो, की प्रेक्षक? त्या म्हणाल्या, टीव्हीवाले नाराज होतील, कदाचित निघून जातील. मी म्हटलं, मग कमी डिझेलमध्ये जाऊ, जवळच्या पाण्यात जाऊ, पण जाऊ. त्या दिवशीचा हुकूम माझा होता, हे मी त्यांना लिहून दिलंय आणि संस्थेच्या पानावर ते माझ्या सहीने छापलंही. 'बाय गो'चा अर्थही त्यात आहे. आता कुणी काय काढायचे ते टीशर्ट काढू दे. आणि ग्रेगचा काल मेल आला, ते कुठेही निघून जात नाहीत. एवढी भांडणं दुसऱ्या कुठल्या जहाजावर मिळणार त्यांना?

पप्पांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते केळीची पानं कापत होते. त्यांना ही शिकारबंदी वगैरे आजही फारशी पटत नाही, त्यांना वाटतं मी बँकेत असायला हवी होते. पण ते म्हणाले, "ती पोरगी तुला नडते ना?" मी म्हटलं, हो, कायम. ते म्हणाले, "मग तिला ने. तुझ्या मम्मीला मी म्हणूनच सोडलं नाही." मम्मी आतून ओरडली की मी ऐकलंय.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी कप्तानपद स्वीकारलंय. तू नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे, हे आधीच सांगते, कारण तू आली नाहीस तर मी जहाज सोडीन अशी धमकी मला द्यायची नाही आणि तुला ती आवडणारही नाही. पण चीफ ऑफिसरच्या जागी मी तुझंच नाव दिलंय, ऑफिसने ते कुरकुरत मान्य केलंय आणि रुजू व्हायचे कागद माझ्याकडे आलेत. फक्त तुझी सही राहिलीय. गुरुवारी तुझी कामाची पाळी सुटेल तेव्हा मी गोदामाच्या गेटवर उभी असेन. कॅमेरा नसेल, ग्रेग नसेल, मी आणि पप्पांची ती बंद पडणारी स्कूटर. मागच्या गेटने जाऊ नकोस, तिथे हितेशला उभं करतेय. माझ्या डोळ्यांत बघून नको म्हण, मी कागद फाडून टाकीन आणि तुला स्कूटरवरून घरी सोडीन. फोन न उचलून मात्र नको म्हणायचं नाही. जहाजभर माझ्या हुकमाला मान डोलावणारी माणसं मला मिळतील, आता तर टीव्हीमुळे जास्तच मिळतील. मला तोंडावर नाही म्हणणारं माणूस तिथे एकच होतं. तुला नाही म्हणता येतं, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तुला न्यायला येतेय.

तुझीच, अजून चिडलेली,
शर्ली